अवधान, थापटणे आणि आठवण : तेर-तुळजापूरच्या परंपरेतील मनोव्यापारांचा विचार

मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत संवेदन, अवधान, स्मरण, विचारप्रक्रिया आणि बुद्धिमत्ता ही प्रकरणे जवळजवळ ठरलेल्या क्रमाने येतात. आरंभी व्याख्या, मग पाश्चात्त्य प्रयोगांचा सारांश आणि शेवटी दैनंदिन जीवनातील एखादे उदाहरण अशी प्रत्येक प्रकरणाची घडण असते. उदाहरण मराठी जीवनातले असले तरी ते सिद्धान्ताच्या पायाशी बसलेले असते; त्याला स्वतःचे काही म्हणायचे असेल, ही शक्यता गृहीतच धरली जात नाही. या संकल्पना इंग्रजीतून येण्यापूर्वी मराठी भाषकांनी मनोव्यापारांचा विचार केला नव्हता असे कोणी उघड म्हणत नाही, पण पुस्तकाची रचना तेच सुचवत राहते. साहित्यसमीक्षेत अलीकडे बोधनिक मानसशास्त्राचा आधार घेतला जातो, तेव्हाही संहिता हे उदाहरण आणि मानसशास्त्र हे शास्त्र अशीच श्रेणी कायम राहते.

या श्रेणीची तपासणी करण्यास धाराशिव जिल्ह्याइतका (२०२३ पर्यंतच्या अधिकृत नावाने उस्मानाबाद) सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. या जिल्ह्यात तेर आहे आणि तुळजापूर आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या दोन कथांपैकी एक अवधान आणि संवेदन यांचा प्रश्न उभा करते, दुसरी परीक्षा आणि पात्रता यांचा. आणि तुळजापूरच्या भवानीचे उपासक असलेल्या गोंधळ्यांची कला स्मरणाचा. या सामग्रीतून मनाविषयीची जी कल्पना दिसते ती पाठ्यपुस्तकातील कल्पनेपेक्षा एका मूलभूत बाबतीत वेगळी आहे. पाठ्यपुस्तकात अवधान, बुद्धी आणि स्मृती हे व्यक्तीच्या आत घडणारे व्यापार आहेत. येथे ते माणसामाणसांत घडतात: कोणीतरी कोणाला तरी अवधान देतो, कोणीतरी सभेत कोणाला तरी पारखतो, एकाची आठवण दुसऱ्याच्या प्रश्नावर चालते. ‘आमच्या पूर्वजांना हे सर्व आधीच ठाऊक होते’ अशा थाटाचा दावा यातून निघत नाही. तसा दावा इतिहासालाही न्याय देत नाही आणि विज्ञानालाही. प्रश्न एवढाच आहे की शब्द घेताना काय गळाले.

आधी शब्दांकडेच पाहावे. ‘अवधान’ हा शब्द परिभाषाकारांनी नव्याने घडवलेला नाही. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त तो ठळकपणे येतो; नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे जे मागतात ते अवधानच. तेथे अवधान ही देण्याची वस्तू आहे. श्रोता ते देतो, वक्ता ते घेतो आणि त्याच्या बळावर निरूपण चालते. बोलभाषेनेही हा व्यवहार सांभाळला आहे. ‘लक्ष देणे’, ‘लक्ष जाणे’, ‘लक्ष लागणे’ आणि ‘लक्ष असणे’ यांतील भेद मराठी माणूस न चुकता करतो. विल्यम जेम्सने १८९० मध्ये ऐच्छिक आणि अनैच्छिक अवधान असा जो फरक केला, तो पहिल्या दोन क्रियापदांतच आहे. तिसऱ्यात सवयीचे आणि ओढीचे अवधान आहे, तर चौथ्यात चक्क जबाबदारी आहे. ‘पोराकडे लक्ष असू दे’ या वाक्यात मनाच्या अवस्थेचे वर्णन नाही. ते सोपवलेले काम आहे. पाठ्यपुस्तकातील ‘अवधान’ मात्र उद्दीपकांतून निवड करण्याची आंतरिक प्रक्रिया झाले. शब्द तोच राहिला आणि देणारा-घेणारा दोघेही निघून गेले.

या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक थर विसरता येत नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते आणि त्यासाठी आवश्यक ग्रंथांचे भाषांतर करणारे स्वतंत्र खाते त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाले होते. येथल्या ज्या थोड्या तरुणांना संस्थानात उच्च शिक्षण मिळाले, त्यांच्या लेखी मानसशास्त्र ‘नफ्सियात’ होते, स्मृती ‘हाफिजा’ होती, अवधान ‘तवज्जोह’ आणि बुद्धिमत्ता ‘जहानत’. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० नंतर संस्कृतनिष्ठ परिभाषा आली आणि हा थर पुसला गेला. तथापि बोलीत त्याचे धागे उरले आहेत. ‘अक्कल’ आणि ‘हुशार’ या दोन शब्दांवाचून मराठवाड्यातील कोणत्याही शाळेचे पान हलत नाही. त्यांपैकी ‘हुशार’चा इतिहास विशेष उद्बोधक आहे. फारसी ‘होश’ म्हणजे भान. ‘होशियार’ म्हणजे भानावर असलेला, सावध. तापातून उठलेल्या माणसाला ‘आता जरा हुशारी वाटते’ असे आपण म्हणतो तेव्हा तो मूळ अर्थ जिवंत असतो. मराठीत बुद्धिमान माणसाला जो सर्वांत रूढ शब्द आहे, तो मुळात सावध माणसाचा आहे. बुद्धीची कल्पना अवधानाच्या कल्पनेतून वाढली याची ही भाषिक साक्ष, आणि गोरोबांची पहिली कथा नेमकी याच जागी कठीण होते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील व्यापारी नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेरणेकाठच्या पांढरीतून निघालेली खापरे, मृण्मय मूर्ती आणि मणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केले. त्यांच्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मातीकामाची इतकी जुनी साक्ष असलेल्या गावाचा संत कुंभार असावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही शोधण्याचे कारण नाही. परंतु कथेतील माती ही निव्वळ पार्श्वभूमी नाही एवढे त्यावरून लक्षात ठेवावे. परंपरेनुसार गोरोबांचा काळ शके ११८९ ते १२३९, म्हणजे इ. स. १२६७ ते १३१७. त्यांच्या नावावरील अभंग थोडे आहेत. त्यांचे चरित्र लोकमानसात पोहोचले ते मुख्यतः महिपतीच्या ‘भक्तविजया’तून, म्हणजे शके १६८४ (१७६२) मधील ग्रंथातून, आणि नंतर कीर्तन, नाटक, चित्रपट यांतून.

कथा सर्वांना माहीत आहे. पत्नी पाण्याला जाते आणि रांगते मूल घरी ठेवते. गोरोबा चिखल तुडवीत आहेत, मुखाने विठ्ठलनाम चालू आहे, डोळे मिटलेले आहेत. मूल रांगत येते आणि पायाखाली सापडते. पत्नी परतते, चिखलाचा रंग पाहते आणि आक्रोश करते. नामात व्यत्यय आला म्हणून गोरोबा तिला मारायला धावतात. ती विठ्ठलाची शपथ घालते, ‘मला शिवू नका’. ते जागच्या जागी थांबतात आणि शपथ पाळतात. पुढे वंश चालावा म्हणून ती आपल्या बहिणीचे लग्न त्यांच्याशी लावते; दोघींना सारखे वागवण्याच्या सासऱ्याच्या शब्दामुळे शपथ दुसरीलाही लागू होते. एका रात्री दोघी त्यांचे हात झोपेतच आपल्या अंगावर ठेवतात. जाग आल्यावर शपथ मोडल्याचे पाहून ते स्वतःचे हात तोडतात. शेवटी पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात आणि मूलही रांगत येते.

या कथेचे वाचन बहुधा दोन प्रकारे होते. सांप्रदायिक वाचन तन्मयतेचा गौरव करते. सुधारकी वाचन निर्दयतेचा किंवा अद्भुताचा निषेध करते. दोन्ही वाचनांत एक प्रश्न विचारला जात नाही: मूल पायाखाली आलेले कळले कसे नाही? हा प्रश्न अरसिक वाटेल. पण माती तुडवण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो टाळता येणार नाही. चिखल एकजीव व्हावा म्हणून तो तुडवला जातो हे खरे, तसेच मातीतला खडा तळपायाला लागावा म्हणूनही तुडवला जातो. राहिलेला बारीक खडा आव्यात मडके फोडतो. कुंभाराचा तळपाय हे संवेदनाचे अत्यंत तयार झालेले इंद्रिय असते. जो पाय वाटाण्याएवढा खडा ओळखतो त्याला मूल कळले नाही, असे ही कथा म्हणते. कथेचा खरा आघात येथे आहे आणि तो कारागिराच्या घरात कथा ऐकणाऱ्याला ताबडतोब समजत असणार. डोळे मिटलेले होते हा खुलासा पुरेसा नाही. पाय उघडेच होते.

संवेदन हे इंद्रियाच्या तयारीवर अवलंबून नसून अवधानावर अवलंबून आहे, ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. १९५३ मध्ये कॉलिन चेरीने दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवून एकाचाच पाठपुरावा करायला सांगितले. दुसऱ्या कानातील संदेशाचा आशय श्रोत्यांना सांगता आला नाही. १९५८ मध्ये डोनाल्ड ब्रॉडबेंटने त्याचे स्पष्टीकरण ‘गाळणी’च्या प्रतिमानाने केले. उलरिक नायसर आणि रॉबर्ट बेक्लेन यांनी १९७५ मध्ये एकावर एक टाकलेली दोन चलत्‌चित्रे दाखवून हेच दृष्टीच्या बाबतीत दाखवले. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी चेंडूच्या फेका मोजायला लावून मधूनच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती चालवत नेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. समोर असलेले, इंद्रियापर्यंत पोहोचलेले आणि तरीही न जाणवलेले, अशा या स्थितीला ‘अनवधानजन्य अंधत्व’ म्हणता येईल. सरावाने यांत्रिक झालेली क्रिया अवधानाविना चालू राहते, हे शिफ्रिन आणि श्नायडर यांनी १९७७ मध्ये मांडलेले तत्त्वही येथे लागू आहे. गोरोबांचे पाय काम करीत होते. ते कोणाच्या देखरेखीखाली नव्हते.

एवढ्यावर थांबले तर मानसशास्त्राने कथेचा उलगडा केला असे समाधान मिळेल आणि पाठ्यपुस्तकी श्रेणी पुन्हा बसेल. पण कथा पुढे जाते. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे याने चेरीच्या प्रयोगात एक बदल केला: दुर्लक्षित कानात श्रोत्याचे स्वतःचे नाव उच्चारले. सुमारे एक तृतीयांश श्रोत्यांना ते ऐकू आले. गाळणीतून काय आत येते याचे उत्तर ‘मी’ असे मिळाले. गोरोबांच्या कथेत गाळणीतून मुलाचा स्पर्श जात नाही, रडणे जात नाही, पत्नीचा आक्रोशही व्यत्यय म्हणूनच जातो. जाते ते एकच: विठ्ठलाचे नाव. शपथ उच्चारताच धावणारा माणूस थांबतो. ज्या नामाने सर्व वाटा बंद केल्या आहेत, त्याच नामाच्या वाटेने पत्नी आत शिरते. ही तिची चतुराई आहे, आणि कथेत विचार करणारे पात्र कोणते असे विचारले तर उत्तर तिचेच द्यावे लागेल. लोकपरंपरा तिला संती म्हणते. चिखलाचा बदललेला रंग ती पाहते, त्याचा अर्थ ती लावते, नवऱ्यापर्यंत पोहोचणारा एकमेव शब्द ती शोधते. संवेदन, अनुमान आणि समस्यापरिहार या तिन्ही व्यापारांची कर्ती ती आहे. संतचरित्राच्या वाचनात मात्र ती पतीच्या कसोटीचे निमित्त म्हणून उरते. मोरेच्या प्रयोगाने कथा समजते तितकाच कथेने मोरेचा प्रयोगही प्रश्नांकित होतो: गाळणी ओलांडणारे नाव आपलेच असले पाहिजे असे नाही, ज्याला आपण आपले अवधान दिले आहे त्याचेही ते असू शकते.

हात तोडण्याचा प्रसंग या दृष्टीने पाहिल्यास केवळ अतिरेकी वाटत नाही. मूल गेले तेव्हा गोरोबांना भान नव्हते. त्यांनी स्वतःला दोषी मानल्याचे कथेत दिसत नाही. झोपेत हात हलवले गेले तेव्हाही भान नव्हते. येथे मात्र ते हातांना शिक्षा करतात. भान नसताना शरीराने केलेल्या कृतीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पहिल्या प्रसंगात अनुत्तरित राहिला होता, तो दुसऱ्यात परततो आणि भलत्याच अवयवावर वसूल होतो. तुडवले पायांनी आणि तुटले हात. महिपतीला ही विसंगती जाणवली होती की नाही हे ठरवण्याची गरज नाही; कथेच्या बांधणीत ती आहे. आणि शेवटी हात परत येतात तेही भान हरपल्यावरच: कीर्तनाच्या रंगात टाळी वाजवण्यासाठी ते नसलेले हात उचलतात. हरवणे आणि सापडणे दोन्ही अनवधानात घडवून या कथेने तन्मयतेचा गौरव केला आहे खरा, पण तिची किंमतही लपवलेली नाही. मूल आधी मरते. परत नंतर येते. मधला काळ संतीचा आहे.

दुसरी कथा नामदेवांच्या चरित्रातली आहे. संतमंडळी गोरोबांकडे जमली असता मुक्ताबाई थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारते. याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे उत्तर मिळते. मग आम्हीही मडकीच, आम्हाला पारखा, असे ती म्हणते. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत जातात. सगळे गप्प बसतात, नामदेव चिडतात. निर्णय होतो: हे मडके कच्चे. नामदेव दुखावतात आणि अखेर औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात.

या कथेने मराठी शिक्षणव्यवहाराला जी भाषा दिली, किंवा जी भाषा तिनेही लोकव्यवहारातूनच घेतली, ती आजतागायत चालू आहे. ‘गणितात कच्चा’, ‘पाढे पक्के’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाला आपण कुंभाराची परिभाषा वापरीत आहोत याची जाणीव नसते. मराठीत मडक्याचे आणखी एक रूपक आहे: ‘पालथ्या घड्यावर पाणी’. दोन्हींत डोके हे मडकेच आहे, पण दोन्हींतील बुद्धीविषयीची कल्पना परस्परविरोधी आहे. कच्चेपण ही वेळेची अवस्था आहे. जे आज कच्चे आहे ते उद्या भाजले जाईल. पालथेपण हा स्वभाव आहे. त्यावर कितीही ओता. बुद्धिमापनाचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या दोन रूपकांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली ती पॅरिसच्या शाळांत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देण्यासाठी. बुद्धी ही वाढवता न येणारी ठरीव राशी आहे हे मत बिनेने १९०९ मध्ये स्पष्टपणे नाकारले आणि ‘मानसिक अस्थिसुधारा’ची, म्हणजे बुद्धीला व्यायाम देऊन ती सरळ करण्याची कल्पना मांडली. त्याच्या दृष्टीने मूल कच्चे होते. विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले आणि लुइस टर्मनने १९१६ मध्ये त्या भागाकाराला अमेरिकेत ‘बुद्ध्यंक’ म्हणून प्रतिष्ठा दिली, तेव्हा कच्चे मडके पालथे झाले.

मराठीत ही श्रेणी आणण्याचे मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. स्टॅनफर्ड-बिने श्रेणीची कन्नड आणि मराठी आवृत्ती त्यांनी मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात प्रमाणित केली. ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळाच्या मानाने हे परिश्रम असामान्य होते. परंतु तेर-तुळजापूरची मुले तेव्हा दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या शासनभाषेच्या छायेत होती. जिच्यावर चाचणी प्रमाणित होते ती मराठी आणि जिच्यावर ती पुढे वापरली जाते ती मराठी एकच आहे, हे गृहीत तपासावे असे फारसे कोणाला वाटले नाही. १९६२ मध्ये पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. गिलफर्डने पाच क्रिया, चार आशय आणि सहा फलिते यांच्या गुणाकारातून एकशेवीस क्षमतांचे जे प्रतिमान मांडले, त्याचा या संस्थेने बुद्धिमान विद्यार्थ्यांचा शोध व शिक्षण यांसाठी आधार घेतला. एका अंकाऐवजी अनेक क्षमता पाहणारे हे प्रतिमान पालथ्या घड्याच्या रूपकापासून दूर जाणारे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, हजारो माणसे गेली, आणि त्यानंतरच्या मदतकार्यातून याच संस्थेची निवासी शाळा लोहारा तालुक्यातील हराळीत उभी राहिली. चाचणी आणि निवड यांमुळे ओळखली जाणारी संस्था तेरच्या जिल्ह्यात आली ती निवडीच्या मार्गाने नव्हे, ढिगाऱ्याच्या मार्गाने. पारखण्याआधी घडवणे भाग आहे अशा ठिकाणी बुद्धिमापनाचा अर्थ काय होतो, हा प्रश्न अद्याप अभ्यासाची वाट पाहतो आहे.

कथेतील हत्यार या प्रश्नाला आधीच स्पर्श करते. थापटणे हे मुळात पारखण्याचे साधन नाही. अर्धवट सुकलेल्या मडक्याची भिंत आतून आधार देऊन बाहेरून ठोकत पातळ आणि घट्ट करण्यासाठी ते वापरतात. भाजलेले मडके पारखायचे ते बोटाने टिचकी मारून. म्हणजे गोरोबांच्या हातात घडवण्याचे अवजार आहे आणि ते त्याने पारखतात. आघाताने दोष कळतो आणि आघाताने आकारही येतो. नामदेवांच्या बाबतीत झाले तेच. निकालाने त्यांना वर्गाबाहेर काढले नाही, गुरूच्या दारी पाठवले.

अर्थात या परीक्षेचे सगळेच गौरवास्पद नाही. मार बसल्यावर जो गप्प राहतो तो पक्का, ही कसोटी निमूटपणाचीही असू शकते. शाळांतील छडीने तिचा तसाच अर्थ घेतला. ज्याला मार लागला असे वाटले त्याचे संवेदन शाबूत होते, असा नामदेवांच्या बाजूने युक्तिवाद करता येईल. पहिली कथा शेजारी ठेवली की तो अधिकच टोकदार होतो: जाणीव न होणे हे ज्या घरात एकदा मुलाच्या जिवावर बेतले, त्याच घरात जाणीव न दाखवणे हे पक्केपणाचे लक्षण ठरते. परंपरा या दोन कथा एका माणसाच्या नावावर ठेवते आणि त्यांचा मेळ घालत नाही, हे तिचे मोठेपण मानावे. दुसरी बाजू अशी की येथे परीक्षक कुंभार आहे. शास्त्रवचनाने नव्हे, कारागिरीच्या ज्ञानाने संतसभेची पारख होते, आणि ती करावी अशी सूचना सभेतील वयाने सर्वांत लहान मुलगी करते. परीक्षक, परीक्षार्थी आणि प्रश्न विचारणारी एकाच सभेत समोरासमोर बसतात. बंद खोलीत घड्याळ लावून होणाऱ्या चाचणीहून ही रचना वेगळी आहे.

स्मरणाविषयी तुळजापूरची सामग्री अधिक थोडक्यात सांगता येते, कारण डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी गोंधळाच्या विधीचा इतिहास विस्ताराने मांडला आहे. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे आणि रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक मानले जातात. संबळ, तुणतुणे आणि दिवटी यांच्या साथीने रात्रभर चालणाऱ्या या विधीत देवतांना त्यांच्या गावांच्या नावांनिशी आवाहन होते आणि मग आख्यान रंगते. लिखित पोथी समोर नसते. हे आख्यान ‘पाठ’ असते असे म्हणण्याची पद्धत आहे, पण ते शब्द चुकीच्या ठिकाणी ठेवणे होय. पाठांतराची कठोर कला महाराष्ट्राला माहीत होतीच: पद, क्रम, जटा, घन या वेदपठणाच्या रीती एका अक्षराचाही बदल होऊ नये यासाठीच रचल्या गेल्या. एबिंगहाउसने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरांवर केलेले प्रयोग स्मृतीला याच अंगाने मोजतात: किती टिकले, किती गळाले. गोंधळ्याची स्मृती या मापात बसत नाही. फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ मध्ये दाखवले की आठवणे म्हणजे साठवलेले बाहेर काढणे नसून आराखड्याच्या आधारे पुन्हा रचणे होय. आल्बर्ट लॉर्डने मिल्मन पॅरीच्या समवेत युगोस्लावियातील गायकांवर केलेले काम १९६० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मौखिक महाकाव्याच्या बाबतीत हेच सिद्ध झाले. गोंधळ्याला आराखडा ठाऊक असतो, ठेवणीतले शब्दबंध हाताशी असतात आणि यजमान, रात्र, श्रोते पाहून आख्यान लांबते किंवा आवरते.

पण बार्टलेटचा आठवणारा एकटा बसलेला असतो. गोंधळात नायकाशेजारी साथीदार असतो. तो मध्येच प्रश्न विचारतो, हुंकार भरतो, खोटे अज्ञान दाखवून हशा पिकवतो. या प्रश्नांकडे विनोदाची जागा म्हणून पाहिले गेले. स्मरणाच्या दृष्टीने ते संकेत आहेत. टल्विंग आणि टॉमसन यांनी १९७३ मध्ये मांडल्याप्रमाणे आठवण जागी होण्यासाठी तिच्यासोबत नोंदला गेलेला संकेत लागतो; गोंधळात तो संकेत दुसऱ्या माणसाच्या तोंडी बसवलेला आहे. एडविन हचिन्स याने १९९५ मध्ये जहाजावरील दिशानिर्णयाचा अभ्यास करून बोधन हे एका डोक्यात नसून माणसे आणि साधने यांत वाटलेले असते, असे मांडले. त्याला नौदलाच्या जहाजावर जे दिसले, त्याची मांडणी संबळाच्या साथीनेही करता आली असती.

याचे सर्वांत नेटके रूप गोंधळ्यांच्या करपल्लवीत आढळते. श्रोत्यांपैकी कोणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो. तो बोटांच्या खुणा करतो आणि दूर उभा असलेला दुसरा ते नाव उच्चारतो. वर्ग आणि वर्गातील स्थान अशा पायऱ्यांनी अक्षर सुचवणे हे करपल्लवीचे पारंपरिक तत्त्व. वर्णमालेची मांडणी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र खूण लक्षात ठेवावी लागत नाही. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीची मर्यादा सात घटकांच्या आसपास ठरवली आणि घटकांची मोट बांधून ती ओलांडता येते हे सांगितले. करपल्लवी ही अशी मोट आहे, आणि ती दोघांनी मिळून बांधलेली आहे. एकाला नाव माहीत असते पण तो बोलायचे नाही असा नियम. दुसरा बोलतो पण त्याला नाव माहीत नसते. नाव उच्चारले जाते त्या क्षणी ते कोणाच्या स्मृतीत होते, हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही. त्याचे डोळे खुणा करणाऱ्याच्या बोटांवर असतात आणि दिवटीचा उजेड तेवढाच पुरतो.